तीन मिनिटांची ओल

आकाइतीला ते कळलं बोटाच्या पेरातून. सुई पडद्यात शिरताना किंचित अडली, आणि मग कागदातून गेल्यासारखी करकरत गेली. ओल्या पडद्यात सुई जाते तेव्हा बोटाला काहीच कळत नाही. पिकलेल्या पपईत जावी तशी ती जाते. आकाइतीने भिंगावरून डोळे न उचलता नीट पाहिलं. तिसऱ्या पाकळीची कड धातूच्या जाळीला टाचली जात होती, तिथे दोन-अडीच मिलिमीटरांचा एक पट्टा पिवळसर आणि काचेसारखा पारदर्शक झाला होता. वाळला होता. तिचा डावा हात आपोआप पुढे झाला, मिठाच्या पाण्याची बाटली दाबली गेली, तीन थेंब पडले, आणि बघता बघता तो पट्टा पुन्हा दुधासारखा पांढरा झाला. आता कोणी कितीही मोठं भिंग लावून पाहिलं असतं तरी त्याला तिथे काही दिसलं नसतं. बाजूच्या टेबलावर तेउइरा मान खाली घालून शिवत होती. पलीकडे आणखी चौघी. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात, तोंडावर पट्टी, सगळ्या सारख्याच. कोणी वर पाहिलं नव्हतं. शेवटचं पाणी आपण कधी घातलं, असं आकाइतीने स्वतःला विचारलं, आणि तिला घड्याळाऐवजी एक चर्च दिसलं, ऑकलंडच्या ओटारा भागातलं, पस्तीस वर्षांपूर्वीचं, उघड्या दारांचं.

पडदा म्हणजे गाईच्या हृदयाभोवतीची पिशवी. तो ऑकलंडजवळच्या वाइकाटोच्या कुरणांतल्या गाईंचा येई, रसायनात मुरवलेला, कागदाएवढा पातळ. त्यातून कापलेल्या तीन पाकळ्या धातूच्या बारीक जाळीत शिवून बसवायच्या. केसाहून बारीक दोरा, हृदयाच्या एका झडपेला अकराशेच्या आसपास टाके, पाच दिवसांचं काम. अशी झडप मग आवळून पेन्सिलीहून बारीक नळीत भरतात, मांडीच्या धमनीतून हृदयापर्यंत सरकवत नेतात, आणि तिथे ती उमलते आणि उघडझाप करू लागते. छाती उघडावी लागत नाही. माणूस दोन-तीन दिवसांत आपल्या पायांनी घरी जातो. हे सगळं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं जाई, आणि त्याच आठवड्यात हेही, की पडद्यावरची ओल तीन मिनिटांहून जास्त तुटता कामा नये. तो वाळला की त्यातले तंतू एकमेकांना चिकटतात. पुन्हा पाणी घातलं की ते फुगतात, पांढरे दिसतात, पण पूर्वीसारखे सुटे होत नाहीत. झडप तपासणीत पास होते. कोणाच्या तरी हृदयात बसते, चांगली चालते. आणि पाच वर्षांनी, सात वर्षांनी, नेमक्या त्या जागी चुना धरतो किंवा चीर जाते. एकोणीस वर्षांत आकाइतीने हे नव्याने येणाऱ्या पोरींना कितीतरी वेळा सांगितलं होतं. सांगताना ती पडद्याचा एक तुकडा मुद्दाम वाळू देई, मग पाणी घालून त्यांच्यापुढे धरी आणि विचारी, ‘सांगा, कुठे वाळला होता?’ अजून एकीलाही सांगता आलं नव्हतं.

सुरुवातीला प्रत्येक टेबलावर एक यंत्र असे. दर अडीच मिनिटांनी ते ओरडायचं. सहा टेबलांवरची सहा यंत्रं सहा वेगवेगळ्या क्षणी ओरडायची, आणि बायका त्यांना टिटव्या म्हणायच्या. टिटवी ओरडली की हात दचके, टाका वाकडा जाई. तेव्हा आकाइतीने एक युक्ती काढली होती. आकाइती मूळची दूर समुद्रातल्या आइतुताकी बेटावरची. तिथे लहानपणापासून ज्या गोष्टीने वेळ मोजला होता ती तिला येत होती. चर्चमध्ये बसून म्हणायची स्तोत्रं, इमेने. बायकांचा आवाज वर चढत जातो, खालून पुरुषांचे हुंकार येतात, आणि एक कडवं ठरलेल्या जागी येऊन उभं राहतं. तिने एक इमेने निवडलं आणि मनातल्या मनात म्हणायला लागली. कडवं संपलं की पाणी. पुन्हा तेच कडवं, पुन्हा पाणी. हाताला धक्का नाही, कानाला त्रास नाही. हळूहळू बाकीच्या बेटांवरच्या बायकांनीही आपापलं इमेने निवडलं. पुढे कोणीतरी वरच्या साहेबाने पाहिलं, की अनुभवी बायकांचे पडदे यंत्राशिवायही ओलेच असतात, आणि टिटव्या कपाटात गेल्या. पण ही गाण्याची गोष्ट कोणत्याच कागदावर नव्हती. कागदावर इतकंच होतं: ‘पडदा सतत ओला ठेवला.’ त्यापुढे रोज संध्याकाळी सही करायची.

आज हाताखाली होती ती वीस मापाची झडप. सगळ्यांत लहान. तेवीसची आणि सव्वीसची मापं रोजची. वीसचं माप क्वचित येई. शिकवणाऱ्या बाईने पूर्वी एकदा सहज सांगितलं होतं, की वीसची झडप लहान चणीच्या बायकांना लागते. तेव्हापासून वीसची जाळी समोर आली की आकाइतीच्या मनात एकच लहान चणीची बाई येई. तेकुरा. तिची मोठी बहीण. आठ वर्षांनी मोठी, आणि तरी आकाइती नऊ वर्षांची झाली तेव्हाच दोघींचे झगे एकमेकींना यायला लागले होते.

तेकुराला लहानपणी घसा धरून ताप आला होता, मग गुडघे सुजले, मग सगळं बरं झालं आणि सगळे विसरले. हृदय मात्र विसरलं नव्हतं. बारा-तेरा वर्षांची असताना ती किनाऱ्यावरून घरापर्यंतचा चढ चढताना तीनदा बसायला लागली. तिला कोणी काम सांगेना. मग ती बायकांच्या घोळक्यात जाऊन बसायची. बायका व्हरांड्यात मोठं कापड पसरून तिवाएवाए शिवत, कापडावर कापडाची पानं-फुलं जोडून केलेली ती चादर, जी लग्नात देतात आणि शेवटी माणसाबरोबर मातीतही जाते. तेकुराचं काम सुया ओवून ठेवायचं. लिंबाच्या झाडाच्या सावलीचे ठिपके कापडावर हलायचे, खोबऱ्याच्या तेलाचा आणि बायकांच्या घामाचा वास असायचा, आणि शिवता शिवता कोणीतरी इमेने उचलायची. आकाइती बहिणीला चिकटून बसायची, इतकी की तिच्या बरगड्यांची हालचाल आपल्या दंडाला लागायची. तिथेच ती ते इमेने शिकली. शब्दांचा अर्थ कळायच्या आधी शिकली. एवढ्या वर्षांनी आता तिला त्या व्हरांड्याचा रंग आठवत नव्हता, खांब किती होते तेही नाही. पण आपल्या उजव्या दंडावरची ती ऊब मात्र अजून जागच्या जागी होती, आणि झडप शिवताना कधी कधी ती उजवीकडे थोडी कललेली असे. ‘मावशी, तुझं स्टूल मोडलंय का गं?’ असं तेउइरा विचारायची.

ऑकलंडला सगळं घर आलं ते तेकुराच्या हृदयासाठी. विसाव्या वर्षी तिची छाती उघडली. गळ्याखालच्या खळग्यापासून पोटापर्यंत चीर, हाड मधोमध कापून दोन्हीकडे सारलेलं, आणि आत धातूची एक झडप. तीन महिने तिला शिंकतानाही छातीशी उशी धरावी लागे. तो व्रण आकाइतीने रोज पुसला होता, ओल्या फडक्याने, वरून खाली. त्याला दोन्ही बाजूंनी टाक्यांचे ठिपके होते, आणि बारा वर्षांच्या आकाइतीला तेव्हा वाटलं होतं, की ज्याने हे शिवलं त्याचा हात आपल्या आईपेक्षा फारच कच्चा आहे. तेकुरा हसायची. ‘त्यांना घाई होती गं. मी उघडी होते ना!’ त्यानंतरची चौदा वर्षं तेकुरा टिकटिकत जगली. धातूची झडप वाजायची. प्रार्थना चालू असताना सगळे गप्प झाले की तिसऱ्या रांगेतून टिक, टिक, टिक ऐकू यायचं, आणि पुढची पोरं माना वळवायची. तेकुरा त्यांना डोळे वटारून दाखवायची आणि हळूच सांगायची, ‘मी बॉम्ब आहे. पाद्र्यांचं भाषण लांबलं तर उडणार.’ तेकुरा गेली तेव्हा चौतीसची होती. झडपेवर रक्ताची एक गुठळी धरली, एवढंच. आकाइतीने त्यानंतर कितीतरी वर्षं घरात वाजणारं घड्याळ ठेवलं नाही.

आणि तिला पुरायच्या दिवशी चर्चमध्ये हेच इमेने झालं होतं. तेकुरा तिवाएवाएमध्ये गुंडाळलेली, पेटी अजून उघडी. कडवं संपलं की झाकण लावायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. कडवं शेवटच्या सुरावर आलं, आणि उभं राहायच्या आतच पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने ते पुन्हा उचललं. सगळ्यांनी तिच्यामागे धरलं. पुन्हा शेवटाकडे आलं, पुन्हा कोणीतरी उचललं. उचलणारीला कोणी थांबवत नाही, तशी रीतच नाही. जोवर एक आवाज वर चढतोय तोवर बाकीच्यांनी खाली टेकायचं नसतं. आकाइतीला आठवत होतं, की शेवटी शेवटी बायकांचे गळे फाटले होते, पुरुषांचे हुंकार खोकल्यासारखे यायला लागले होते, आणि पेटीशी उभे असलेले दोघे हातात झाकण घेऊन तसेच थांबले होते. आज सकाळी वीसच्या जाळीला तिसरी पाकळी लावता लावता ती मनाने तिथे गेली. तिने कडवं शेवटाला आणलं आणि त्या म्हातारीने ते उचललं. पाणी घालायची वेळ आलीच नाही, कारण कडवं संपलंच नाही.

जेवायच्या सुट्टीत सगळ्या बाहेर आल्या. दारापाशी एका खोलगट बशीत सहा फुलं ठेवलेली होती. कानामागची फुलं आत न्यायला बंदी, म्हणून सकाळी प्रत्येक जण आपलं फूल तिथे ठेवून जाई आणि सुट्टीत परत कानात खोवून घेई. आकाइतीने आपलं उचललं नाही. तेउइराने उचलून तिच्या कानात खोवलं.

‘काय गं मावशी, डब्यात काय आणलंयस? बीट घातलेले गुलाबी बटाटे आणले असशील तर मी आत्ताच सांगते, निम्मे माझे. तुझ्या डब्याचा वास आला की माझं डाएट तिथल्या तिथे मरतं.’

‘घे सगळे.’

‘सगळे?’ तेउइराने बाकीच्यांकडे पाहिलं. ‘बायांनो, हिला ताप आहे.’

आकाइतीने काट्याने बटाट्याचा एक तुकडा इकडून तिकडे सरकवला. मग हळू आवाजात म्हणाली, ‘तेउइरा, समज, एखादीचा पडदा वाळला.’

‘कितीसा?’

‘इतका.’ तिने नखाची कड दाखवली.

‘आणि तिने पाणी घातलं?’

‘घातलं.’

‘मग झालं की. कुठल्या पोरीचं झालं? त्या नव्या टोंगन पोरीचं ना? तिला सांग, घाबरू नकोस.’ तेउइराने दोन घास घेतले आणि मग चावायचं थांबवलं. ती आकाइतीकडे बघत राहिली. ‘मावशी. तू?’

आकाइतीने काटा डब्यात ठेवला.

‘हे बघ,’ तेउइरा जवळ सरकली, ‘तू एकोणीस वर्षं शिवतेयस. तुझ्या शिवणीचे फोटो काढून भिंतीवर लावलेत त्यांनी. नखाएवढी कड, ती पण पुन्हा ओली केलेली. आणि तू जाऊन सांगितलंस, तर पहिला प्रश्न काय विचारतील माहितीय? वेळ कसा मोजत होतीस? मग काय सांगणार? गाण्यावर? त्या टिटव्या परत बाहेर काढतील. सहाच्या सहा. आणि तुझे डोळे तपासतील, हात तपासतील, एकसष्ट वय काढतील.’ तिने बटाट्यांचा डबा बाजूला सारला. ‘मला तर वेड लागेल गं त्या आवाजाने. खरंच सांगते.’

‘ती वीसची आहे,’ आकाइती म्हणाली.

‘असू दे की वीसची.’

तेउइराला तेकुराबद्दल काही माहीत नव्हतं. आकाइतीने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हतीच, ती एक जागा होती, रोज सकाळी साडेसातला भिंगावर डोळे टेकवले की ती तिथे जायची आणि साडेतीनला परत यायची. घरी तेकुरा अशी येत नसे. घरी तिचा एक फोटो होता, त्यात ती उन्हामुळे डोळे बारीक करून उभी होती, आणि त्या फोटोकडे पाहून आकाइतीला काहीही वाटत नसे. पण या पांढऱ्या खोलीत, जिथे वास नाही, वारा नाही, धुळीचा कणही मोजून आत येतो, तिथे एका कडव्याच्या आत व्हरांडा होता, लिंबाची सावली होती, दंडाला लागणाऱ्या बरगड्या होत्या. टिटवी परत आली की हे कडवं जाणार. दर अडीच मिनिटांनी कोणीतरी हाताला धरून बाहेर ओढणार. सांगायचं म्हणजे झडप टाकायची एवढंच नव्हतं. पाच दिवसांचं काम गेलं तर गेलं, तिने त्याहून जास्त काम उसवलेलं होतं. सांगायचं म्हणजे ती जागाच सोडून द्यायची. हे तिला दुपारभर, चौथ्या ओळीचे टाके घालताना, अगदी स्पष्ट दिसत होतं. ती कडवं म्हणत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती आणि दर दोन मिनिटांनी पाणी घालत होती, नव्या पोरीसारखी.

आणि त्या पट्ट्याकडे बघत होती. तो कुठे होता हे आता तिलाही सांगता येत नव्हतं. सकाळी सुई अडली त्या टाक्यावर तिने नजर रोवून ठेवली होती, पण टाके मोजत पुढे गेल्यावर मागे येताना तिचीच चूक झाली, अकरावा की बारावा. जगात ही गोष्ट फक्त तिच्या बोटाच्या पेराला माहीत होती, आणि उद्यापर्यंत तेही विसरणार होतं. मग ही झडप दुसऱ्या कुठल्याही झडपेसारखी होणार, बरणीत पडणार, विमानात बसणार, कुठल्या तरी गावी एखादी लहान चणीची बाई टेबलावर जागीच असणार, डॉक्टरांशी बोलत असणार, आणि मांडीतून ही आत सरकणार. बाई दोन दिवसांनी घरी जाईल. चढ चढेल. न बसता चढेल. पहिल्या वर्षी चढेल, दुसऱ्या, तिसऱ्या. तिला टिकटिक ऐकू येणार नाही, उशी छातीशी धरावी लागणार नाही, ती हळूहळू विसरून जाईल की आत काही आहे. पाचव्या वर्षी ती त्या चढावर एकदा बसेल आणि म्हणेल, आज जरा ऊन जास्त आहे.

साडेतीनला सहीचा कागद आला. आकाइतीने पेन हातात घेतलं, ठेवलं, आणि झडप बशीत घेऊन ब्रॉन्विनच्या काचेच्या खोलीकडे गेली.

ब्रॉन्विन विभागाची प्रमुख, आकाइतीहून वीस वर्षांनी लहान, मेंढपाळाची मुलगी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून इथे आलेली. ती आकाइतीच्या हाताखालीच पहिले सहा महिने शिवणकाम शिकली होती आणि तिला ते कधी जमलं नव्हतं. ‘बस ना,’ ती म्हणाली. ‘काय झालं? चेहरा काय असा केलायस?’

‘माझा पडदा वाळला. सकाळी. तिसऱ्या पाकळीची कड.’

ब्रॉन्विनने हातातलं काम बाजूला ठेवलं. ‘किती वेळ?’

‘माहीत नाही.’

‘माहीत नाही म्हणजे? अंदाजे?’

‘तीन मिनिटांहून जास्त. पाच. सात. ब्रॉन्विन, मला खरंच माहीत नाही.’

‘तू मोजत होतीस ना?’

‘मोजत होते.’

‘कशावर?’

आकाइतीने काचेतून बाहेर पाहिलं. तेउइरा उभी होती आणि मान हलवून नको नको म्हणत होती. ‘चर्चमधल्या गाण्यावर,’ आकाइती म्हणाली. ‘मनातल्या मनात म्हणते. कडवं संपलं की पाणी.’

ब्रॉन्विनने पेन उचललं. ‘कधीपासून?’

‘पहिल्यापासून.’

‘एकोणीस वर्षं?’

‘हो.’

‘अरे देवा,’ ब्रॉन्विन म्हणाली, आणि मग, काही सुचत नसताना माणूस पुढचं काम करतो तसं, उठून लाल झाकणाची बरणी घेऊन आली. टाकाऊ झडप दुसऱ्या कशात मिसळू नये म्हणून जिने शिवली तिनेच कापायची, असा नियम होता. आकाइतीने झडप डाव्या हाताच्या चिमटीत धरली. कात्री पाकळीच्या मधोमध घातली. पडदा ओला होता, आवाज झाला नाही. तिन्ही पाकळ्या कापून झाल्यावर जाळी नुसतीच राहिली, हलकी, पाखराच्या सांगाड्यासारखी. तिने ती बरणीत सोडली.

‘आता म्हणून दाखव,’ ब्रॉन्विन म्हणाली.

‘काय?’

‘गाणं. मला ते कडवं मोजायचंय. नाहीतर मी चौकशीत काय लिहू? तुझ्या मागच्या सगळ्या झडपांचा प्रश्न येईल, आकाइती. आठ-नऊशे तरी असतील. त्या माणसांच्या आत आहेत.’

हे आकाइतीच्या मनात आलंच नव्हतं. काचेच्या त्या लहानशा खोलीत, तोंडावरची पट्टी खाली ओढून, टाकाऊ बरणीसमोर उभी राहून ती गायला लागली. मोठ्याने म्हणताना तो आवाज तिला स्वतःचा वाटेना, म्हातारा आणि बसका वाटला. ब्रॉन्विनने फोनवर आवाजही धरून ठेवला आणि वेळही. कडवं उभं राहिलं. दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद.

‘पुन्हा.’

दोन मिनिटं पन्नास.

ब्रॉन्विनने खुर्चीवर मागे टेकून श्वास सोडला. ‘तीनच्या आत आहे. नऊ सेकंदांनी. बाई गं, नऊ सेकंद!’ तिने दार उघडून तेउइराला आत बोलावलं. ‘तूही गाण्यावरच मोजतेस ना? खोटं बोलू नकोस. तुला हेच येतं का? म्हण.’

तेउइराने आकाइतीकडे रागाने पाहिलं आणि म्हटलं. तिचा आवाज मोकळा आणि गोड होता. एक मिनिट अठ्ठेचाळीस.

‘हे कसं?’ ब्रॉन्विनला आता खरंच कुतूहल वाटायला लागलं होतं. ती पुढे झुकली. ‘तेच गाणं. तेच शब्द. चालही सारखीच वाटतेय. एका मिनिटाचा फरक कुठून आला?’

‘मावशी म्हातारी झालीय,’ तेउइरा म्हणाली.

‘गप गं.’ ब्रॉन्विनने फोनवरचा आवाज लावला. तिघी ऐकू लागल्या. ब्रॉन्विनने मधेच बोट वर केलं. ‘इथे. ऐकलंस? ओळीच्या मधे थांबलीस. आणि इथे परत. शब्दाच्या मधेच. प्रत्येक ओळीत दोनदा. गाण्यातच आहे का हे असं?’

‘छे!’ तेउइरा म्हणाली. ‘आमच्याकडे कोणी असं मधे थांबत नाही. चर्चमध्ये थांबलं तर मागची बाई पाठीत बोट खुपसते. मावशी, तू का थांबतेस गं?’

‘मी कुठे थांबते?’ आकाइती म्हणाली.

ब्रॉन्विनने पुन्हा लावलं. फोनमधून तो बसका आवाज आला, दोन शब्द चढला, आणि थांबला. त्या थांबण्यात काहीच नव्हतं, फोनची खरखर होती. मग आवाज पुढे गेला, आणखी दोन शब्द, आणि पुन्हा थांबला. आकाइती ऐकत राहिली. तिचा श्वास चांगला होता, तिला कधी दम लागला नव्हता, ती अजून दर शनिवारी ओटाराच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत घरी येई. तिला थांबायचं काही कारण नव्हतं. पण दंडाला दंड लावून जी बसली होती, ती दोन शब्दांवर थांबायची, श्वास घ्यायची, आणि मग पुढे जायची. आणि शेजारी बसलेल्या चिमुरड्या पोरीला वाटलं होतं, की गाणं असंच असतं.

‘बरं,’ ब्रॉन्विन म्हणाली आणि तिने कागद पुढे ओढला. ‘मी लिहिते. कडवं, दोन मिनिटं एक्कावन्न. उद्यापासून यंत्रं. सगळ्यांच्या टेबलांवर. माझा नाइलाज आहे.’ मग कागदावरून नजर न उचलता, ‘मनात काय म्हणायचं ते म्हणा. त्याला नियम नाही. वेळ मात्र यंत्र मोजेल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा टिटव्या सहा टेबलांवर होत्या. कोणी आकाइतीशी बोललं नाही. तेउइराने आपलं स्टूल मुद्दाम आवाज करत ओढलं. आकाइतीने वीस मापाची नवी जाळी घेतली, पहिली पाकळी पाण्यातून काढली, भिंगावर डोळे टेकवले. मनात काही म्हणायचं नाही असं तिने घरून ठरवून आणलं होतं. दहा-बारा टाके तसेच गेले. मग बोटं कामाला लागली आणि कडवं आपोआपच सुरू झालं. दोन शब्दांनंतर तिला ती जागा ऐकू आली. याआधी हजारो वेळा ती त्या जागेवरून गेली होती आणि तिला ती कधी दिसली नव्हती. ती तिथे थांबली. उजवीकडे दंडाशी बरगड्या फुगल्या, हळू, कष्टाने. एवढ्यात टिटवी ओरडली. हात दचकला, पण टाका घातलेला नव्हता. तिने तीन थेंब घातले. पलीकडे तेउइराची टिटवी ओरडली आणि तेउइराने पट्टीच्या आत एक शिवी हासडली. कडवं पहिल्या ओळीतच होतं. ते कधी संपेल याच्याशी आता पडद्याचं काही देणंघेणं नव्हतं, आणि इतकी वर्षं आपण बहिणीला तीन मिनिटांच्या आत, जेमतेम नऊ सेकंद राखून, पळवत आणत होतो, हे आकाइतीला तेव्हा कळलं. तिने सुई उचलली.

‘सावकाश घे गं,’ ती पट्टीच्या आत म्हणाली. ‘पुरता श्वास घे. मग उचलू.’